तोफ का फुटली? नळीच्या तुकड्यांत दडलेल्या सत्याचा इतिहास

१/
तोफेची दहशत शत्रूला वाटावी, ही अपेक्षा. परंतु तोफेच्या सहाशे-सातशे वर्षांच्या इतिहासात तिने असंख्य वेळा स्वतःच्याच गोलंदाजांचे प्राण घेतले आहेत. बार उडतो, नळी फुटते, आणि क्षणभरात सारे संपते. मागे उरतात धातूचे तुकडे आणि एक प्रश्न : दोष कोणाचा? नळी ओतणाऱ्याचा, दारू करणाऱ्याचा, गोळा भरणाऱ्याचा, की बत्ती देणाऱ्याचा?

या प्रश्नाचे उत्तर माणूस कसे शोधू लागला, याविषयी हा धागा. सुरुवात भंडारा जिल्ह्यापासून.

२/
भंडाऱ्याचा आणि तोफेचा काय संबंध? संबंध तिहेरी आहे. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. धातू वितळवून साच्यात ओतण्याची विद्या येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि मँगनीजवाचून पोलाद होत नाही. तिसरा दुवा जवाहरनगरचा. १९६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या तेथील आयुध निर्माणीत शस्त्रांना लागणारे प्रणोदक, म्हणजे गोळा पुढे ढकलणारी दारू, आणि उच्च स्फोटके तयार होतात.

ओतकाम, पोलाद आणि दारू. नळी फुटली की पहिला संशय नेमका याच तिघांवर जातो.

३/
आधी ओतकाम. विजापूरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ साली अहमदनगरात मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतली. वजन सुमारे ५५ टन, धातू कांसे. एवढा महाग धातू वापरण्यामागे केवळ थाट नव्हता. कांस्याची तोफ दुबळी झाली की बहुधा आधी फुगते, तिला चीर जाते. गोलंदाजाला इशारा मिळतो. ओतीव लोखंड स्वस्त, पण ठिसूळ. ते इशारा देत नाही. एकदम ठिकऱ्या होतात.

दख्खनेत लोखंडी पट्ट्या जुळवून त्यांवर कडी चढवलेल्या तोफाही होत्या. त्यांचा धोका सांध्यांत.

४/
हा धोका राजेरजवाड्यांनाही चुकला नाही. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० साली रॉक्सबरोच्या वेढ्यात स्वतःच्याच तोफेजवळ उभा असताना ती फुटून ठार झाला. त्या काळी अशा प्रसंगाची चौकशी म्हणजे दोन शक्यता : दैवाला बोल लावणे किंवा ओतारीला धरणे. धातूला प्रश्न विचारण्याची रीत अजून जन्मायची होती.

५/
मराठेशाहीतही तोफा आणि गोळे ओतण्याचे कारखाने होते. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात जुन्नर परिसरातील आंबेगव्हाण येथे गोळे ओतण्याचा कारखाना चालू झाला. पुढे महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश तज्ज्ञ तोफा ओतवून घेत असे.

त्या युगात जगभर खात्रीचा मार्ग जवळजवळ एकच होता : नव्या तोफेत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा. टिकली तर उत्तम. मात्र या चाचणीत एक मेख आहे. तोफ आज टिकली, एवढेच ती सांगते. त्याच जादा दाबाने आत केसाएवढी चीर पडली असेल, तर ती पन्नासाव्या बाराला जीव घेईल.

६/
चौकशीच्या इतिहासाला वळण मिळाले ते २८ फेब्रुवारी १८४४ रोजी, अमेरिकेतील पोटोमॅक नदीवर. ‘प्रिन्स्टन’ या नव्या युद्धनौकेवर मान्यवर पाहुणे जमले होते. राष्ट्राध्यक्ष जॉन टायलरही त्यांत होते. ‘पीसमेकर’ नावाची प्रचंड घडीव लोखंडी तोफ डागताना फुटली. परराष्ट्रमंत्री एबल अपशर आणि नौदलमंत्री थॉमस गिल्मर यांच्यासह सहा जण ठार झाले. टायलर त्या वेळी खालच्या मजल्यावर असल्याने वाचले.

७/
मृतांत दोन मंत्री, म्हणून प्रकरण दैवावर सोडून देणे शक्य नव्हते. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या समितीने तोफेचे लोखंड तपासले. सांधे नीट एकजीव झालेले नव्हते. शिवाय एवढा मोठा गोळा घडवताना लोखंड दीर्घकाळ तापत राहिले आणि त्याची मूळ ताकद घटली.

निष्कर्षातील महत्त्वाची गोष्ट अशी : लोखंडाची लहान पट्टी उत्तम निघाली, म्हणून त्याच लोखंडाची मोठी तोफ उत्तम निघेल असे नाही. आकार वाढला की धातूचे वागणेही बदलते.

८/
पण धातूवर नेमका दाब किती पडतो? ते मोजल्याखेरीज सारे अंदाजच. अमेरिकेत थॉमस रॉडमन याने नळीला भोक पाडून एक दट्ट्या बसवला. बाराच्या दाबाने त्याची धार तांब्यात रुतायची, आणि खुणेच्या लांबीवरून दाब कळायचा. इंग्लंडमध्ये अँड्र्यू नोबल याने तांब्याची छोटी नळकांडी वापरली. ती किती चेपली यावरून दाब काढता येई.

एका साध्या तांब्याच्या तुकड्याने तोफेच्या पोटातील क्षण बोलका केला. यापुढे दारू ‘जोरकस’ की ‘सौम्य’ हे गोलंदाजाच्या कानावर अवलंबून राहिले नाही.

९/
आता या इतिहासातील सर्वांत बोधप्रद चौकशी. २ जानेवारी १८७९. ब्रिटिश युद्धनौका ‘थंडरर’ मार्मारा समुद्रात सराव करीत होती. पुढच्या बुरुजात बारा इंची, ३८ टनी दोन तोफा. त्यांपैकी एक फुटली. अकरा जण ठार, तीसहून अधिक जखमी. बुरुजात जे होते तेच साक्षीदार, आणि त्यांच्यापैकी बरेचसे हयात नव्हते. उरली ती फुटकी तोफ.

१०/
समितीने निष्कर्ष काढला : तोफ दोनदा भरली गेली होती. त्या तोफा तोंडाकडून भरल्या जात. दोन्ही एकाच वेळी डागण्याचा हुकूम झाला. एक उडाली, दुसरीची दारू पेटलीच नाही. पहिलीच्या धुरात आणि दणक्यात हे कोणाच्या ध्यानी आले नाही. जलशक्तीवर चालणाऱ्या यांत्रिक ठासणीने आधीच्या गोळ्यावर दुसरी दारू आणि दुसरा गोळा ठासला. पुढच्या बाराला दोन्ही एकदम पेटले.

११/
हा निष्कर्ष अनेकांना पटला नाही. ‘एवढी मोठी चूक प्रशिक्षित खलाशी करतील?’ दुसरा संशयही मोठा होता : गोळा नळीत पुढे घसरला असावा, मध्ये पोकळी राहिली असावी, किंवा काहीतरी अडकले असावे. संशोधक आणि वृत्तपत्रे यांच्यात वाद पेटला. वादामागे हितसंबंधही होते. चूक खलाशांची ठरली तर तोफेची रचना निर्दोष. रचनेची ठरली तर साऱ्या आरमाराच्या तोफा संशयास्पद.

मग समितीने जे केले, त्यामुळे ही चौकशी आदर्श ठरली.

१२/
त्याच बुरुजातील दुसरी, जुळी तोफ इंग्लंडला वूलिच येथे आणली गेली. एकेक संशय तिच्यावर प्रत्यक्ष करून पाहिला गेला. गोळा पुढे सरकवून बार काढला; तोफ टिकली. अडथळा ठेवून बार काढला, तोफ टिकली. शेवटी, फेब्रुवारी १८८० मध्ये, तिला मुद्दाम दोनदा भरले. तोफ फुटली, आणि तिचे तुटणे ‘थंडरर’वरील तोफेच्या तुटण्याशी जुळले.

वाद तर्काने मिटला नव्हता. तो प्रयोगाने मिटला.

१३/
निष्कर्ष खलाशांच्या चुकीचा होता, तरी धडा तेवढ्यावर थांबला नाही. मागून भरायच्या तोफेत अशी चूक होऊच शकत नाही, कारण आधीचा गोळा समोर दिसतो. ब्रिटिश आरमार पुढे मागून भरायच्या तोफांकडे वळले, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक होते.

चांगली चौकशी ‘कोण चुकला’ येथे थांबत नाही. ‘चूक घडणे शक्य तरी का झाले’ इथपर्यंत जाते.

१४/
आता आधुनिक तोफेच्या पोटात डोकावू. १५५ मिमी व्यासाच्या, ५२ कॅलिबर लांबीच्या तोफेची नळी सुमारे आठ मीटर असते. सुमारे पंचेचाळीस किलोचा गोळा एवढ्याच अंतरात शून्यापासून सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेग गाठतो. त्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट दाब नळी सोसते, तोही सेकंदाच्या अगदी अल्प अंशात. गोळ्यातील प्रत्येक कण त्या वेळी स्वतःच्या वजनाच्या दहा हजार पटींहून अधिक जोराने मागे दाबला जातो.

अशा स्थितीत लहान दोष लहान राहत नाही.

१५/
पहिला संशयित : दारू. आजच्या प्रणोदकाचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. त्यासाठी सरकीवर उरणारा आखूड तंतू वापरतात. विदर्भाच्या वाचकाला सरकी काय ते सांगायला नको. या दारूचे दाणे नळकांड्यासारखे असून त्यांना बारीक छिद्रे असतात. दाणा बाहेरून जळताना लहान होतो, छिद्रे आतून जळताना मोठी होतात; म्हणून वायू ठरावीक लयीत तयार होतो.

हे दाणे ठिसूळ होऊन फुटले, तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो. दाब ठरलेली मर्यादा ओलांडतो. अशा वेळी घाव बहुधा नळीच्या मागच्या भागावर बसतो.

१६/
शिवाय दारू म्हातारी होते. नायट्रोसेल्युलोज साठवणीतही सावकाश विघटित होत राहते, आणि त्यातून निघणारे वायू विघटन आणखी वाढवतात. ते शोषून घेण्यासाठी डायफिनाइलअमीनसारखे स्थिरक मिसळतात. स्थिरक संपत आला की दारू धोकादायक. १९११ साली तूलाँ बंदरात ‘लिबर्ते’ ही फ्रेंच युद्धनौका बिघडलेल्या दारूमुळेच उद्ध्वस्त झाली.

म्हणून प्रत्येक उत्पादनाला लॉट क्रमांक असतो आणि नमुने जपून ठेवले जातात. अपघातानंतर तपासनीस प्रथम विचारतो : लॉट कोणता? त्याच लॉटचे उरलेले चार्ज कोठे आहेत?

१७/
दुसरा संशयित : पोलाद. येथे भंडाऱ्याच्या मँगनीजची कथा येते. पोलादातील गंधक मोकळे राहिले तर तापल्यावर पोलाद फाटते. मँगनीज त्या गंधकाला बांधून ठेवते. पण हा उपकार निर्भेळ नाही. या संयोगातून झालेले सूक्ष्म कण पोलाद घडवताना लांबट पसरतात, आणि फार झाले तर आडव्या ताणाला तेच दुबळे दुवे ठरतात. तोफेच्या नळीवर नेमका आडवा ताण येतो. वायू तिला आतून फुगवू पाहतात. त्यामुळे नळीच्या पोलादात गंधक अत्यल्प ठेवण्यासाठी पुन्हा शुद्धीकरण करावे लागते.

१८/
१९६६ साली व्हिएतनाममध्ये अमेरिकन १७५ मिमी तोफेची एक नळी केवळ ३७३ बारांनंतर फुटून तिच्या ठिकऱ्या झाल्या. दारू नेहमीची, गोळा नेहमीचा. तपासात कारण सापडले ते नळीच्या आत. प्रत्येक बाराच्या उष्णतेने आतल्या पृष्ठभागावर भेगांचे जाळे पडते. त्यांतील एखादी भेग प्रत्येक बाराला थोडी थोडी वाढते. आणि पोलाद पुरेसे चिवट नसेल, तर ठरावीक खोलीला पोहोचताच नळी काचेसारखी तुटते.

यानंतर नळीचे आयुष्य मोजण्याची रीत बदलली. नळी किती झिजली एवढेच नव्हे, तर भेग किती खोल गेली, हेही पाहिले जाऊ लागले.

१९/
तुकडे वाचायचे कसे? थकव्याने वाढलेल्या भेगेचा भाग तुलनेने गुळगुळीत, बहुधा नखाच्या आकाराचा असतो. अखेरच्या क्षणी तुटलेला भाग खडबडीत. तुटलेल्या पृष्ठभागावर बाणासारख्या रेषा दिसतात. त्यांची टोके जिकडे वळलेली, तिकडे आरंभबिंदू. नळीला कड्यासारखा फुगवटा दिसला, तर तिथे अडथळा असण्याचा संशय. आणि गोळा नळीतच फुटला असेल, तर त्या जागी नळी आतून ठोकल्यासारखी उघडते, तुकडे बारीक होतात.

अर्थात, सारे तुकडे गोळा झाले तरच. म्हणून अपघातानंतर मैदान विंचरणे, हे चौकशीचे पहिले काम.

२०/
तिसरा संशयित : गोळा. उच्च स्फोटक वितळवून गोळ्यात भरताना ते थंड होऊन आकसते. बुडाशी पोकळी राहिली, तर बाराच्या धक्क्याने वरचे स्फोटक त्या पोकळीत आदळते, अडकलेली हवा क्षणात दाबली जाऊन तापते, आणि गोळा नळीतच फुटू शकतो. म्हणूनच भरलेल्या गोळ्यांची क्ष-किरण तपासणी करतात. फ्यूज वेळेआधी जागा झाला तरी परिणाम तोच.

२१/
हे तिन्ही संशयित भारतात एकाच मैदानावर पुन्हा पुन्हा उभे राहिले : पोखरण. ऑगस्ट २०१३ मध्ये चाचणीत ‘धनुष’ तोफेची नळी फुटली. चौकशीनंतर दोष तोफेचा नसून दारूगोळ्याचा असल्याचे सांगण्यात आले. २ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेहून आलेल्या नव्या ‘एम-७७७’ तोफेतून गोळा तुकड्यांच्या रूपातच बाहेर पडला आणि नळीची हानी झाली. तोफ अमेरिकी, दारूगोळा भारतीय. त्यामुळे चौकशीही संयुक्त.

२२/
सप्टेंबर २०२० मध्ये ‘अटॅग्स’ तोफेची नळी चाचणीत फुटली. काही जण जखमी झाले. ही तोफ पुण्याच्या पाषाण येथील ‘एआरडीई’ या संरक्षण प्रयोगशाळेने खासगी उद्योगांसह घडवलेली. चाचण्या थांबल्या, कारणे शोधली गेली, चाचण्या पुन्हा झाल्या. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला. ‘धनुष’च्या पहिल्या सहा तोफाही एप्रिल २०१९ मध्ये सैन्याला मिळाल्या.

नळी फुटणे हा शस्त्राचा शेवट नसतो. कारण न सापडणे, किंवा सापडून दडवणे, हा खरा शेवट.

२३/
येथे ‘थंडरर’चा वाद आठवावा. नळीचा कारखाना, गोळ्याचा कारखाना, दारूचा कारखाना आणि वापरणारे सैन्य, प्रत्येकाला दोष दुसऱ्याकडे असलेला हवा असतो. २०२१ पर्यंत भारतातील सरकारी आयुध निर्माण्या एकाच मंडळाखाली होत्या. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्या सात कंपन्यांत विभागल्या गेल्या. भंडाऱ्याची निर्माणी पुणे येथे मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’त गेली, तर तोफा व नळ्यांचे कारखाने कानपूरच्या वेगळ्या कंपनीत. पूर्वी दोष एकाच घरात फिरत असे. आता तो कंपन्यांच्या सीमा ओलांडतो. अशा वेळी तपासणारा माणूस त्यांपैकी कोणाचाही बांधील नसणे अधिकच गरजेचे ठरते.

२४/
या सगळ्याची किंमत कोण मोजतो? तोफेपाशी उभा असलेला गोलंदाज तर मोजतोच. पण त्याच्याही आधी ती दारू हाताळणारा मोजतो. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात आगीने किमान सोळा जणांचा बळी घेतला. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट होऊन छत कोसळले. किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. पोखरणच्या घटनांशी या दुर्घटनांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. नाते आहे ते एवढेच, की ज्या ऊर्जेला नळीत आवरायचे, तिला आधी कोणीतरी हाताने मळलेले, वाळवलेले, भरलेले असते.

२५/
मंत्री मेले तेव्हा ‘पीसमेकर’चे लोखंड प्रयोगशाळेत गेले. ‘थंडरर’वर खलाशी मेले, आणि त्यांच्यावरचा ठपका खरा की खोटा हे ठरवण्यासाठी एक अखंड तोफ मुद्दाम फोडली गेली. न्यायाची ही दुसरी तऱ्हा अधिक मोलाची. मृतांना साक्ष देता येत नाही; म्हणून त्यांच्या वतीने धातूला बोलते करावे लागते.

तोफांचा इतिहास वाचताना किती गोळे डागले, किती किल्ले पडले, याची मोजदाद सहज सापडते. पण बाराच्या वेळी नळीजवळ निर्धास्त उभे राहता येणे, ही गोष्ट कोणत्या चौकशांनी आणि कोणाच्या मरणाने शक्य झाली, तोही त्याच इतिहासाचा भाग आहे.

#धागा #इतिहास #भंडारा #तोफखाना